नाणं न पाहणारा शत्रू

माझ्या मावशीला वाटतं मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. तिच्या घरचा प्रिंटर अडला की मला फोन येतो. मी अल्गोरिदमच्या सिद्धांतात पीएचडी करते आणि त्यात प्रिंटर कुठेच येत नाही, हे सांगून मी थकले आहे. आम्ही दिवसभर फळ्यासमोर उभे असतो. एखादं काम करता येतं का, आणि येत असेल तर जास्तीत जास्त किती चांगलं करता येतं, याची सिद्धता शोधतो. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याने मला विचारलं होतं, "असलं काम नागपुरात बसून होतं?" खडू नागपुरातही मिळतो, असं मी त्याला सांगितलं.

मी पत्रकांवर वाढले. वडील हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनचे कार्यकर्ते. आमच्या घरी पुस्तकं थोडी आणि पत्रकांचे गठ्ठे फार. जरीपटक्याच्या छापखान्यातून ते मोटारसायकलवर बांधून यायचे आणि शिफ्ट सुटताना गेटवर वाटले जायचे. पण छापायला जाण्याआधी मसुदा आमच्या पुढच्या खोलीत मोठ्याने वाचला जायचा, आणि त्या वाचनाचा एक रिवाज होता. जमलेल्यांपैकी एकाला त्या दिवसापुरतं 'मालक' करायचं. एकजण एकेक वाक्य वाचणार, आणि मालक झालेला माणूस कंपनीच्या बाजूने त्यावर तुटून पडणार. जे वाक्य पडलं ते पत्रकातून गेलं, मग त्यावर गेटसभेत कितीही टाळ्या पडणार असोत. 'सर्वांना माहीत आहे की' हे शब्द तर पहिल्याच फटक्यात जायचे. "कोनाले माहीत आहे? नाव सांग," असं मालक म्हणायचा. माझा आवाज मोठा, म्हणून मला नीट वाचता येऊ लागल्यावर मसुदा वाचायचं काम माझ्याकडे आलं. मला तेव्हा वाटायचं, जगात सगळीच माणसं लिहिलेलं असंच तपासत असतील.

संशोधनात आले तेव्हा कळलं की तसं नाही. शोधनिबंधांत 'सहज दिसून येते की' हा शब्दप्रयोग मला पानोपानी भेटला, आणि प्रत्येक वेळी माझं डोकं फिरलं. ज्याला सहज दिसत नाही त्याने गप्प बसावं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून मी आमच्या लॅबमध्ये मालकाचा रिवाज सुरू केला. माझ्या गाइड मॅडम आधी हसल्या, मग म्हणाल्या, करून बघू. तेव्हापासून आमचा कुठलाही निबंध बाहेर जाण्याआधी त्याचं वाचन होतं आणि कोणीतरी मालक होतो. बाहेरच्या मोठ्या संस्थांमध्ये असं काही होतं की नाही, मला ठाऊक नाही. आमच्याकडे होतं.

माझा पहिला निबंध वाचायला आला तेव्हा मालक होता खाप्याचा मुलगा. माझ्याच बरोबरचा संशोधक, खापा गावातल्या किराणा दुकानदाराचा पोरगा, भयंकर चिकट.

निबंधातला प्रश्न सांगायला सोपा आहे. एका लांब शेडमध्ये ओळीने मशीन आहेत आणि फिटर थोडे आहेत. कुठलं मशीन कधी बंद पडेल ते आधी माहीत नाही. तक्रार आली की कोणाला पाठवायचं ते त्याच क्षणी ठरवायचं, आणि निघालेल्या फिटरला अर्ध्यातून परत फिरवता येत नाही. एकूण पायपीट कमीत कमी व्हावी. ज्याला पुढच्या सगळ्या तक्रारी आधीच ठाऊक आहेत त्याच्या तुलनेत आपली पद्धत किती वाईट ठरेल, हा प्रश्न. त्याचं उत्तर काढायला आम्ही एक काल्पनिक शत्रू उभा करतो. तो आपली पद्धत ओळखून मुद्दाम त्रासदायक जागेहून तक्रारी पाठवतो. आता पद्धतीने थोडी चलाखी केली, फिटर निवडताना नाणं उडवलं, तर शत्रू गोंधळेल का? माझा दावा होता, नाही. निबंधाचं शीर्षकच तसं होतं: नाणं उडवूनही फायदा नाही. हे खरं ठरलं असतं तर तो प्रश्नच मिटला असता, आणि मिटवणारी मी असते. परिषदेला निबंध पाठवायची मुदत पुढच्या आठवड्यात होती.

मी वाचत गेले. तिसऱ्या पानावर खाप्याच्या मालकाने हात वर केला.

"थांब. तुझा शत्रू पुढची तक्रार कुठून पाठवून राहिला?"

"जिथे फिटर नाही तिथून."

"आन् फिटर कुठे नाही हे त्याले कसं समजलं?"

"पद्धत त्याला माहीत असते. पद्धत उघडीच आहे."

"पद्धत माहीत आहे, मान्य. पन छापा पडला का काटा, हे कोनी सांगितलं? तू जाऊन कानात सांगितलं काय वं?"

"त्याला अंदाज बांधता येतो."

"मंग अंदाज लिही न. तू त पक्कं लिहून राहिली."

"तू मुद्दाम अडवतो आहेस."

"मी मालक आहो. मुद्दामच अडवीन."

मी अर्धा तास भांडले. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. शेवटी मॅडमनी खडू माझ्या हातातून घेतला, तिसऱ्या पानावरच्या त्या ओळीखाली रेघ मारली आणि खुर्चीत बसल्या. ओळ पडली होती. तिच्यावर उभं असलेलं शीर्षकही पडलं होतं.

ही चूक सिद्धांतवालेच करू जाणोत. शत्रूच्या जागी बसून विचार करता करता आपल्याला जे दिसतं ते त्यालाही दिसतं असं आपण धरून चालतो. माझ्या बाबतीत आणखी एक कारण होतं. गेटवरच्या वॉचमनपासून वरच्या मजल्यावरच्या साहेबाच्या काचेपर्यंत सगळं टिपणारा शत्रू मी लहानपणापासून ऐकत आले होते. कागदावरही मी त्याला तेच डोळे दिले.

"एक वाट आहे," मॅडम म्हणाल्या. "आरंभीच एक ओळ घालू. शत्रूला नाणं दिसतं असं गृहीत धरलं आहे. मग सिद्धता बरोबर. शीर्षकही राहील."

आम्हा तिघांनाही ठाऊक होतं की ही वाट कशी आहे. नाणं पाहणाऱ्या शत्रूपुढे नाण्याचा उपयोग नसतो, हे आमच्या विषयात जुनंच आहे. वाक्य खरं राहिलं असतं, त्यात नवीन काही उरलं नसतं, आणि वरवर चाळणाऱ्याला मात्र ते मोठं वाटलं असतं.

"शीर्षक वाचणारा माणूस ती ओळ वाचत नाही, मॅडम."

"ही परिषद पुन्हा वर्षाने येईल. विचार कर."

"येऊ द्या वर्षाने."

तोंडाने म्हणाले खरी, पण घरी ताटावर बसले तेव्हा पोळीचे नुसते तुकडे करत राहिले.

"काहून वं बाई, भाजी गोड नाही लागून राहिली?" वडिलांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. फिटरचा प्रश्न असल्यामुळे त्यांना तो लगेच आपला वाटला, आणि ते खाप्याच्या मुलावर भडकले.

"त्या पोट्ट्याले मालक केलं कोनी?"

"मीच."

"मंग बदल. जरा नरम पाह्य."

"तुम्ही कधी नरम माणसाला मालक केलं होतं का?"

"आमची गोष्ट अलग होती. आमच्यापाशी खराच मालक होता." मग म्हणाले, "आन् शत्रू हरला त तुह्यासाठी चांगलंच न?"

"नाही बाबा. या सिद्धतेत मी शत्रूकडून असते. तो जितका जिंकेल तितकं माझं विधान मोठं."

वडिलांनी पोळी ताटात ठेवली. "युनियनवाल्याची पोरगी," ते आईकडे पाहून म्हणाले, "शत्रूकडून लढून राहिली!" आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई म्हणाली, "पानी प्या आंधी." मीही हसले, आणि जेवले.

मुदत गेली. निबंध गेला नाही. नातेवाइकांना सांगायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि मला त्याची लाज वाटली नाही. तो उन्हाळा मी आणि खाप्याच्या मुलाने लॅबमध्ये कूलरसमोर काढला. शत्रूला दिसत नसेल तर त्यानेही नाणं उडवावं, या विचारापाशी आम्ही लवकरच आलो. फिटर कुठे आहे हे त्याला माहीत नाही, पण पुढची तक्रार कुठून येणार हे पद्धतीलाही माहीत नाही. ही युक्ती विषयात रुळलेली आहे. आमची खटपट होती ती अर्ध्यातून परत न फिरण्याच्या अटीशी तिचा मेळ घालायची. दोनदा वाटलं जमलं, दोनदा मोडलं. पावसाळा अर्धा सरला तेव्हा ते बसलं. शत्रू कुठल्याही पद्धतीला निदान किती पट वाईट ठरवू शकतो, त्याचा मिळालेला आकडा माझ्या पहिल्या दाव्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हता. नाण्याचा फायदा असू शकतो. पण एका मर्यादेपलीकडे कधीच नाही, शत्रूने नाणं पाहिलं नाही तरी. एवढंच आम्ही सिद्ध केलं होतं.

पुन्हा वाचन झालं. खाप्याच्या मुलाचं नाव आता निबंधावर होतं, म्हणून मॅडम स्वतः मालक झाल्या आणि त्यांनी दया दाखवली नाही. दुपारचं वाचन दिवे लागेपर्यंत चाललं. दोन ठिकाणी आमची भाषा ढिली निघाली, ती तिथेच घट्ट केली. सिद्धता उभी राहिली.

शेवटी एक परिच्छेद उरला. आम्ही सिद्ध केलेली मर्यादा आणि माझा पहिला दावा यांच्या मधल्या जागेत खरं काय आहे, यावर मी लिहिलं होतं: 'हे आम्हाला माहीत नाही. आम्ही प्रयत्न केला, जमलं नाही.'

"इतकं उघडं कोणी लिहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "'पुढील संशोधनाचा विषय' असं लिहितात."

"ते वाक्य मालकापुढे टिकेल?"

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मी मालक म्हणून विचारते. जमलं नाही हे खरं आहे?"

"खरं आहे," आम्ही दोघे एकदम म्हणालो.

"मग राहू दे."

त्या ओळीला हात न लावता त्यांनी पान उलटलं. वर्षाने निबंध त्याच परिषदेला गेला, छोट्या शीर्षकाचा, पहिल्यापेक्षा कितीतरी लहान दाव्याचा. त्यातलं एकेक वाक्य मी कुठल्याही गेटवर उभी राहून, मोठ्या आवाजात वाचू शकते.