घडीच्या आतली रेघ

शहापुरातल्या तम्मण्णा विणकराची शाळा सातवीत सुटली, पण त्याची त्याला कधी चुटपुट लागली नाही. माग बरा अन् आपण बरे. लेक स्वरूपा नववीत गेली आणि मात्र या माणसाची गंमत झाली. तिच्या शाळेत शनिवारी नीतिशिक्षणाचा तास असतो. एरवी असले तास गणितवाले गिळतात, पण हिंडलग्याहून येणारे भावकू सर आपला तास कुणाला देतील तर शपथ! धर्म म्हणजे काय, खोटं कशाला म्हणायचं, असलं काहीबाही ते पोरांना विचारतात. स्वरूपा घरी येऊन ते सगळं सांगते, आणि तम्मण्णा माग बंद करून ऐकतो. वीज असताना माग बंद! बायको कपाळावर हात मारून घेते.

त्या शनिवारी पोरगी वही उघडूनच बसली. "आप्पा, घरच्या मोठ्या माणसास्नी इचारून लिहायचं हाय. न बोलता खोटं करता येतंय का?"

"न बोलता कसलं खोटं गं?"

"साडीत धागा तुटून रेघ पडली की आपुन घडी अशी घालतोय, की रेघ आत जाती. दुकानदार वरनं बघून घेतोय. ते?"

अख्खी गल्ली अशीच घडी घालते. तम्मण्णानं शेजारच्या चंपाबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "आत्ता गं बया! रीतच हाय ती." रीत आहे, कबूल. पण रीत आहे म्हणून खरी का? त्याला राग आला अन् नवलही वाटलं. चाळीस वर्षांत हे डोक्यात आलंच नव्हतं.

"लिही," तो शेवटी म्हणाला, "आप्पा म्हणत्यात, ते बी खोटंच."

स्वरूपानं लिहिलं नाही. तिचे डोळे भरले. "मग मी लई खोटं केलंय, आप्पा. घड्या सगळ्या माझ्याच हातच्या न्हवं?"

दहाव्या वर्षी ती घडी तम्मण्णानंच तिला शिकवली होती, वर शाबासकीही दिली होती. "आजपासनं घड्या मी घालतो," तो घाईनं म्हणाला. "तुझ्यावर न्हाय यायचं काय."

पोरीनं डोळे पुसले आणि पेन उचललं. "असं एकाचं पाप दुसऱ्याला घेता येतंय व्हय, आप्पा?"

तम्मण्णा म्हणाला, "ते बी लिही. सर काय म्हणत्यात, ते मला येऊन सांग. तवर घडी कुणीच घालायची न्हाय. तू न्हाय, मी बी न्हाय."