मांडवातली आईची खुर्ची

आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत कुणी हसलेलं नाही. मला ते कधी खटकलं नव्हतं. खटकलं ते एका परक्या देशाच्या कचेरीत बसलेल्या माणसाला, आणि त्याला खटकलं म्हणून लग्नानंतर जवळजवळ दोन वर्षं मी नवऱ्यापासून लांब राहिले. त्या देशाचं नाव मी सांगणार नाही. आता मी तिथंच राहते, आणि ज्या घरात राहायचं त्या घराला नावं ठेवू नयेत, असं आईनं शिकवलं होतं.

आई आमचं लग्न ठरल्यावर गेली. स्थळ सोमेश्वरनगरकडचं. मुलगा नोकरीसाठी बाहेर गेला आणि तिकडचाच नागरिक झालेला. आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं, पण बारामतीला जवळ. मी एमआयडीसीतल्या एका डेअरीत दूध तपासायच्या विभागात कामाला होते. मुलगा बघायला आला आणि जेवायला थांबला. शेंगदाण्याची चटणी त्यानं दोनदा मागून घेतली. आई स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात म्हणाली, "मागून खातोय. तुला उपाशी ठेवायचा न्हाय ह्यो." तिच्या दृष्टीनं चौकशी तिथंच संपली.

पुढच्याच महिन्यात तिला ताप आला. बारामतीला दवाखान्यात नेलं आणि आठवड्याच्या आत आम्ही तिला तिथून परत आणलं ते चादरीत गुंडाळून. घरात कुणी गेलं तर ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी आमच्याकडं रीत आहे. वडिलांना आम्ही तात्या म्हणतो. मी त्यांना म्हणाले, थांबू या तीन वर्षं. ते म्हणाले, आईनं पसंत केलेला मुलगा आहे, तिचा शब्द मी तीन वर्षं लोंबकळत ठेवणार नाही.

म्हणून लग्न दारात झालं. बँड नाही, पत्रिका नाही, वरात नाही. भावकी आणि मुलाकडची जवळची माणसं, एवढीच पंगत. कन्यादान चुलता-चुलतीनं केलं, कारण एकट्या तात्यांना ते करता येत नव्हतं. तात्या बाजूला एका खुर्चीवर बसले आणि शेजारी दुसरी खुर्ची मांडून तिच्यावर त्यांनी आईचा फोटो ठेवला, हार घालून. तो फोटोही कुणाच्या तरी लग्नातला, मोठा करून घेतलेला. आईच्या उजव्या खांद्याशी कुणा बाईचा अर्धा हात तसाच राहिलाय. अक्षता पडल्यावर आम्ही दोघं आधी त्या खुर्चीच्या पाया पडलो. चुलती हुंदके देत होती, सासूबाईसुद्धा पदर डोळ्याला लावून उभ्या होत्या. नवऱ्याच्या मित्रानं जे फोटो काढले त्यांत हे सगळं आलं.

सुट्टी संपली आणि नवरा गेला. सासू-सासरे भले. तेच म्हणाले की व्हिसा येईपर्यंत वडिलांजवळ राहा, ते एकटे आहेत. मग मी पुन्हा स्कूटीवरून डेअरीत जायला लागले, गळ्यात मंगळसूत्र घालून माहेरच्याच घरातून. शेजारणी पहिला महिनाभर कौतुकानं विचारत होत्या, कधी जायचं? नंतर नुसतंच विचारायला लागल्या.

अर्ज आम्ही आमचा आम्हीच भरला होता. लग्न खरं आहे, दाखला खरा आहे, मग वकील कशाला, असं आमचं डोकं. नातं खरं आहे याचा पुरावा म्हणून आमचं फोनवरचं बोलणंही मागितलं होतं. ते मी छापून काढलं तेव्हा माझं मलाच हसू आलं. जेवलात का? हो, तू? जेवले. थंडी आहे का? आहे. तात्यांचा गुडघा कसा आहे? बरा आहे. पानंच्या पानं हेच. त्यात 'तुमच्यावाचून करमत नाही' असं कुठंही नव्हतं. आम्ही तसं लिहीत नाही. रोज न चुकता जेवलात का विचारायचं, याचा अर्थ दुसरा काय असतो?

बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जायचं होतं. तात्या सोबत आले. पेरूच्या बागेत तोडणी चालू होती, तरी आले. येताना भिगवणला त्यांनी गाडी थांबवली आणि दोन ताटं मासे सांगितले. आई गेल्यापासून त्यांनी मासे तोंडाला लावले नव्हते. धरणाचे मासे म्हणजे तिचा जीव की प्राण. जेवताना म्हणाले की काम झाल्यातच जमा आहे. मलाही तसंच वाटत होतं.

नकार आला तेव्हा मी डेअरीतच होते. पत्र इंग्रजीत, अतिशय सभ्य. लग्नाला माणसं थोडी होती, समारंभ घाईत उरकलेला दिसतो, छायाचित्रांत आनंदाचं वातावरण दिसत नाही, पती-पत्नी एकमेकांच्या जवळ उभे नाहीत, त्यामुळे हे नातं खरं असल्याची खात्री पटत नाही. मी ते मोबाईलवर दोनदा वाचलं आणि प्रयोगशाळेच्या मागे जाऊन रडले. रडण्यापेक्षा राग जास्त होता. त्या माणसाला खुर्चीवरचा फोटो दिसला नसेल? दिसला असेल तर हार घातलेल्या फोटोचा अर्थ त्याला कुणी सांगायचा? आम्हाला वाटलं होतं की तो फोटो पाहिल्यावर वेगळं काही सांगावंच लागणार नाही.

बारामतीत व्हिसाची कामं करणाऱ्या एक बाई आहेत. मी आणि तात्या त्यांच्याकडे गेलो. त्यांनी फोटो एकेक करून पाहिले, चष्मा काढला आणि सांगितलं की नवऱ्याला पुन्हा बोलवा, हॉल घेऊन नीट स्वागत समारंभ करा, दोन्हीकडची माणसं जमवा, सगळ्यांचे हसरे फोटो काढा. मागच्या वेळी घाई का झाली ते अर्जात लिहू. पण या वेळच्या फोटोंत आईंचा फोटो नको. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी ते हळूच सांगितलं. पण बोलायचं ते बोलल्याच.

बाहेर आल्यावर तात्या गाडीत बसेनात. दाराला हात लावून उभे राहिले.

"मंजी तुझ्या आईमुळं अडलं म्हन की."

मी म्हणाले तसं नाही, त्या लोकांना आपली रीत कळत नाही. ते गाडीत बसले. घर येईपर्यंत ते खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिले.

नवरा पुढच्या सुट्टीला आला आणि बारामतीतल्या एका कार्यालयात समारंभ झाला. तोवर आईला जाऊन वर्ष उलटून गेलं होतं, त्यामुळे कुणाला नावं ठेवायला जागा नव्हती. मी निघायच्या आधी एकदा भिंतीकडे पाहिलं. आईचा फोटो जागेवर नव्हता. तात्यांनी तो काढून कपाटात, तिच्याच लुगड्यांवर ठेवला होता. मी बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"तिला म्हनलं, आज तू घरीच थांब," ते म्हणाले. "लेकीचं काम हाय."

मला तिथंच खाली बसावंसं वाटलं. पण तोंडाला रंगरंगोटी झालेली होती, ती बिघडली असती. मी उभीच राहिले.

फोटोग्राफर उत्साही होता. त्याला कल्पना दिलेली असावी. नवऱ्याला म्हणाला, वहिनींच्या खांद्यावर हात टाका. सासऱ्यांसमोर, चुलत्यांसमोर नवऱ्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला. दीड वर्षानं तो मला शिवत होता, आणि तेही दुसऱ्याच्या सांगण्यावरून. चुलतीला सांगितलं, हसा. ती पदर तोंडाशी नेत हसली, तर पदर खाली घ्या म्हणाला. मग त्यानं तात्यांना फेटा बांधायला लावला आणि जावयाला पेढा भरवायला सांगितलं. तात्यांनी पेढा भरवला आणि सगळे दात दाखवून हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. ते हसू एकदम पक्कं होतं, कुणालाही खरं वाटावं असं. त्या क्षणी मला त्या कचेरीचा, त्या देशाचा आणि स्वतःचाही संताप आला.

कचेरीतल्यांना ते खरं वाटलं. काही महिन्यांनी व्हिसा मिळाला. आमच्या दारात आम्ही खरे रडलो, ते त्यांना पटलं नाही; कार्यालयात आम्ही खोटे हसलो, ते पटलं. अजूनही हे आठवलं की माझं डोकं फिरतं. नवरा म्हणतो, जाऊ दे, तू आलीस ना. आले हे खरंच आहे.

निघायचा दिवस उजाडला. जेवणं आटोपल्यावर गाडी दारात आली. सासरची माणसं विमानतळापर्यंत येणार होती. तात्या येणार नव्हते. कॅनॉलची पाळी आहे, बागेला पाणी धरायचंय, असं त्यांनी आदल्या दिवसापासून चारचौघांना सांगून ठेवलं होतं. पाळी दोन दिवसांनी होती, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. मी गेल्यावर त्या घरात ते आणि एक रेडिओ, एवढंच उरणार होतं. मी त्यांना भाकरी थापायला शिकवली होती. कडेला चिरा पडायच्या, पण येत होती.

चुलतीनं ओटी भरली. मी तात्यांना शोधत होते. तेवढ्यात ते घरातून एक खुर्ची घेऊन आले, मांडवात होती तीच. ती त्यांनी अंगणात, लग्नात जिथं मांडली होती तिथंच मांडली. पुन्हा आत गेले आणि आईचा फोटो घेऊन आले. फोटोला हार नव्हता. काच पुसलेली होती. पण त्यांनी तो खुर्चीवर ठेवला नाही. छातीशी धरून ते तसेच उभे राहिले.

"हार काढून ठिवलाय," ते म्हणाले. "लेक निघालीया. आईनं बसून र्‍हायाचं व्हय?"

मी वाकले. पाया तात्यांच्या पडले, पण मान वर केली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आईचा चेहरा होता, आणि तिच्या खांद्यापाशी तो अनोळखी अर्धा हात. मी काचेवर हात ठेवला. मग मला काही आवरलं नाही. तात्यांनाही नाही. आमच्याकडचे बाप असे उघड्यावर रडत नाहीत, पण त्या दिवशी आम्ही रडलो, आणि चुलती, सासूबाई, सगळीच.

नवऱ्याच्या भावानं मोबाईल काढला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. निघतानाचा एक फोटो असावा, एवढंच.

तात्यांनी एक हात वर केला. "न्हाय," ते म्हणाले. "ह्यो कुनाला दाखवायचा न्हाय."

त्यानं मोबाईल खिशात घातला. मी गाडीत बसले. वळणावर मागे पाहिलं तेव्हा तात्या अजून तसेच उभे होते, आईला घेऊन, आणि शेजारची खुर्ची रिकामी होती. त्या दिवसाचा एकही फोटो माझ्याकडे नाही.