सोजरबाई चित्रं बघायला गेली

अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागांचा खडखडाट एवढा, की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. सोजरबाईला ते कधी लागलं नाही. टॉवेलच्या कडा शिवता शिवता ती बोलायला लागली की मशीनच जरा हळू चालतंय असं वाटायचं. माहेर मोहोळकडचं, शिक्षण सातवीपर्यंत. एकदा रेशनच्या दुकानदारानं तिला सुनावलं, "बाई, तुला काय कळतंय त्यातलं?" त्या दिवशी तिनं ठरवलं, आता कळूनच घ्यायचं. रेशनचा कायदा कळून घेतला, मग मजुरीचा, मग शाळेचा. वाचून कळायचं ते वाचून, नाही कळलं ते मोबाइलवर ऐकून, आणि तरी राहिलं ते साहेबाच्या टेबलावर हात आपटून.

गेल्या दिवाळीनंतर कामगार संघटनेचं शिबिर झालं. तिथं पाहुण्यानं एक गोष्ट सांगितली आणि सोजरबाईची झोपच उडाली. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये बुद्धी मोजायची चाचणी निघाली. शाळेत मागं पडणारी मुलं ओळखून त्यांना जास्तीचं शिकवायचं, एवढाच हेतू. ती गेली अमेरिकेला. पहिल्या महायुद्धात तिथल्या फौजेनं लाखो जवानांची बुद्धी मोजायला काढली. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याच्यापुढं चित्रं ठेवायची. चित्रात काय कमी आहे ते काढून दाखव! एका चित्रात टेनिसचं मैदान, मधली जाळी गायब. आता इटलीतल्या कुठल्याशा खेड्यातून बोटीनं आलेल्या गड्यानं टेनिस कधी बघितलंय? दुसऱ्या चित्रात घर, त्याला धुराडं नाही. एकानं घरावर क्रूस काढला, कारण त्याच्या मुलखात घरावर क्रूस असायचा. उत्तर चूक! आणि अशा मार्कांवरून मोठमोठे विद्वान म्हणायला लागले, या लोकांची अक्कल जन्मतःच कमी, यांना देशात घेऊ नका.

सोजरबाई भर शिबिरात उभी राहिली. "म्हंजे पेपर काढणाराच ढ व्हता की!"

हॉल हसला. ती हसली नाही. पुढं महिनाभर कारखान्यातल्या प्रत्येकीला तिनं ती टेनिसची जाळी ऐकवली.

आणि मग ती जाळी तिच्या गल्लीतच आली.

दोन घरं सोडून मौलाली राहतो. मागावर काम करतो, स्वभावानं गरीब. त्याची मारिया सात वर्षांची, लॉटरीत नंबर लागून इंग्रजी शाळेच्या राखीव जागेवर घेतलेली, आता दुसरीत. पोरगी वर्गात बोलत नाही, वाचनात मागं, म्हणून शाळेनं तिला बुद्धीच्या चाचणीला धाडलं. अहवाल आला, बुद्धी कमी. मुख्याध्यापिका गोड आवाजात म्हणाल्या, "तिच्याच भल्यासाठी सांगतेय. सोमवारी येऊन दाखला न्या. वेगळी शाळा असते अशा मुलांची."

मौलाली हो म्हणून आला होता. शिकलेल्या माणसापुढं त्याच्या तोंडून दुसरा शब्दच निघत नाही.

"व्हय म्हणालास?" सोजरबाईनं हातातली कात्री आपटली. "आठवीपर्यंत पोराला शाळेतनं काढता येत न्हाई, कायदा हाय! आन तू सोताच्या हातानं पोरगी काढतोस व्हय रं?"

"अक्का, वो लोगां पढेलिखे हैं. झूट कायको बोलेंगे?" पलीकडं त्याची बायको हुसेनबी पदरात तोंड लपवून बसली होती.

"झूट कोण म्हणतंय? चित्रं बघाय पायजेत, चित्रं! जाळी असणार त्यात, लिहून घे!"

शनिवारी अर्धा खाडा करून तिनं मौलाली आणि मारियाला रिक्षात घातलं. सात रस्ता चौकाजवळ, जिथं चाचणी झाली होती तिथं. सबंध रस्ताभर ती भांडण पाठ करत होती. टेनिस, धुराडं, क्रूस.

चाचणी घेणारी उत्कर्षा मॅडम तिशीतली, शांत. मारियाला बाहेरच्या खोलीत खेळण्यांजवळ बसवून तिनं या दोघांना आत घेतलं. ती "बसा" म्हणायच्या आत सोजरबाई सुरू झाली.

"मॅडम, ती टेनिसची जाळी काढा भाईर!"

"कसली जाळी, मावशी?"

"मला सगळं म्हाईत हाय! अमेरिकेतली चित्रं हितल्या पोरीला दाखवायची आन वर तिलाच खुळी म्हणायचं. आमच्या गल्लीत कोण खेळतंय टेनिस? सांगा की!"

मॅडम म्हणाली, "ही कार्डं बाहेरच्यांना दाखवायची नसतात खरं तर. पण तुम्ही अशा जाणार नाही, दिसतंय." आणि तिनं एकेक कार्ड टेबलावर ठेवलं.

खुर्ची, एक पाय नसलेली. छत्री, दांडा नसलेली. कपाला कान नाही. बैलगाडीला चाक नाही.

सोजरबाई कार्डांवर वाकली. टेनिस नाही, धुराडं नाही. "ही... ही तर आपलीच चित्रं हायती."

"हो ना. इथल्याच मुलांसाठी बनवलेली."

"बैलगाडीचं चाक तर कुणीबी सांगंल."

"मारियानंही सांगितलं. ही सगळी बरोबर सांगितली तिनं. पण ही पुढची नाही आली." मॅडमनं दुसऱ्या बाजूला आणखी चार कार्डं मांडली. "आणि मावशी, ही तर त्याहून सोपी आहेत. चार वर्षांची मुलं सांगतात. प्रत्येक वेळी ती एकच म्हणाली, यात काही कमी नाही."

सबंध रस्ताभर पाठ केलेलं भांडण असं पहिल्याच मिनिटाला पालथं पडलं. मौलालीनं मान खाली घातली. त्याचा उजवा हात खिशात होता. परक्या जागी तो खिशातच असतो. "चल अक्का," तो पुटपुटला.

सोजरबाई उठणार, तेवढ्यात तिची नजर दुसऱ्या बाजूच्या कार्डांवर गेली. एका बाईला कान नाही. एका माणसाला डोळा नाही. एका बाप्याला एक हात नाही. आणि शेवटी एक पंजा, चार बोटांचा.

तिनं इकडं बघितलं. खुर्ची, छत्री, कप, गाडी. तिकडं बघितलं. माणूस, माणूस, माणूस, माणूस.

ती एवढ्या झटक्यात उठली की खुर्ची मागं कोसळली. "मौला! हात काढ भाईर!"

"कायको, अक्का?"

"काढ म्हणते न्हवं!"

मौलालीनं हात टेबलावर ठेवला. मधली दोन बोटं नव्हती. मागाच्या दातेरी चाकात गेलेली, मारिया तेव्हा पाळण्यात होती.

"बघा मॅडम, बघा!" सोजरबाईचा आवाज पार रस्त्यावर गेला असणार. "गल्लीतली पोरं ह्याला तीनबोट्या म्हणून चिडवायची. एकदा ही मारियाबी त्यांच्यात हसली. आईनं, हुसेनबीनं, हिला उंबऱ्यावर बसवून सांगितलं, माझ्यासमोर. माणसात कमी काढायची न्हाई! खुर्चीत काढ, गाडीत काढ, माणसात न्हाई! पोरीनं ऐकलं आईचं. आन तुमी तिला मार्क कापले!"

मॅडमनं कार्डांच्या दोन्ही रांगा परत परत बघितल्या. "पण मावशी, प्रश्न सगळ्या मुलांना सारखाच असतो..."

"तेच तर दुखणं हाय! अमेरिकेच्या फौजेतबी सारखाच व्हता की!"

मॅडम उठली आणि स्वतः मारियाला आत घेऊन आली. चार बोटांचा पंजा तिच्यापुढं धरला.

"यात किती बोटं आहेत?"

"चार."

"आणि तुझ्या हाताला?"

"पाच."

"मग या हातात काय कमी आहे?"

मारियानं टेबलावरच्या बापाच्या हाताकडं बघितलं आणि ओठ घट्ट मिटले.

"बोल बेटा," मौलाली म्हणाला. "मेरेकू बुरा नै लगता. बोल."

"कुछ कमी नै, अब्बा." मग मॅडमला कळावं म्हणून ती मराठीत म्हणाली, "त्या चित्रातल्या हाताला चार आहेत."

सोजरबाईला ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं.

मॅडमनं डोळे पुसले आणि कागद ओढला. त्या आकड्यावर विसंबू नये, मुलीला घरच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाबरोबर पुन्हा तपासावं, शाळेतून काढायचं काही कारण नाही, असं लिहिलं. मग सरळ म्हणाली, "एक मात्र सांगते. वाचनात ती मागं आहे, हे खरं आहे. घरी दखनी, शाळेत एकदम इंग्रजी. तिला मदत लागेल."

"मग द्या की मदत! मदतीला कोण नगं म्हणतंय? भाईर काढू नका, एवढंच!"

सोमवारी सोजरबाई शाळेत गेली ती पदर खोचून. मौलाली मागं, मारिया दप्तरासकट पुढं. मुख्याध्यापिकांनी कागद वाचला, चष्मा वर केला, पुन्हा वाचला.

"ठीक आहे. बसू दे वर्गात. दुपारी अर्धा तास जादा शिकवायला सांगते."

मारिया वर्गाकडं पळाली. मौलाली बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

सोजरबाई मात्र हलेना. एवढी तयारी करून आली होती, आणि समोरची बाई भांडायलाच तयार नाही! तिनं खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली.

"अजून काही?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"व्हय की. ह्या वर्सी असल्या चित्रांपायी अजून कुणाची पोरं काढली?"

"तुमचा काय संबंध त्यांच्याशी?"

"अजून कायबी न्हाई," सोजरबाई म्हणाली. "नावं कळली की लागतोय."