लेथची साक्ष

हैदराबादच्या लष्करी वर्कशॉपमध्ये मी हवालदार क्लार्क होतो. लाकूड कातण्याच्या लेथवर नाईक बालाजी पांचाळ हत्यारांचे दांडे आणि तंबूच्या खुंट्या कातत. त्यांचे वडील बेगम बाजारमागे लाटणी कातत असत. पांचाळांच्या मराठीत निम्मी दखनी होती.

ते रजेवर असताना लेथ नव्या शेडमध्ये हलवण्यात आला. परतल्यावर त्यांनी पहिलाच दांडा लावला. ११२० वाजता फिरते लाकूड सुटले आणि समोर उभ्या शिपायाचे मनगट मोडले. अपघाताची लष्करी चौकशी, म्हणजे कोर्ट ऑफ इन्क्वायरी, दुसऱ्या दिवशी ०९०० वाजता ठरली.

आदल्या संध्याकाळी कोर्टाच्या अध्यक्षांच्या हस्ताक्षरातला निष्कर्षाचा मसुदा माझ्या टेबलावर आला: ‘ऑपरेटरने लाकूड निष्काळजीपणे आवळले.’ एकही साक्ष झालेली नव्हती. पांचाळांची हवालदारपदाची बढती तोंडावर होती. सेवानोंदीत शिक्षेची रेड इंक एन्ट्री पडली असती तर ती कायमची गेली असती. हे सारे ठाऊक असूनही मी तो कागद तीन प्रतींत टाइप केला. त्याचा संताप आजही शमलेला नाही, आणि तो प्रथम माझ्यावरच आहे.

सकाळी ०८३० वाजता मी लेखी अर्ज दिला. आर्मी रूल १८० प्रमाणे, ज्याच्या चारित्र्यावर ठपका येऊ शकतो त्याला साक्षीच्या वेळी हजर राहण्याचा आणि आपली बाजू मांडण्याचा हक्क आहे. कोर्टाचे अध्यक्ष असलेल्या मेजर साहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

“क्लार्क मला कायदा शिकवणार?”

“नाही, सर. आठवण करून देतो आहे.”

“बोलवा त्याला.”

पांचाळांनी सॅल्यूट केला आणि जबानीऐवजी लेथ तपासून दाखवण्याची परवानगी मागितली. आम्ही सारे शेडमध्ये गेलो. त्यांनी आधी पट्टा उतरवून नुसती मोटर चालवली. मेजर साहेबांनी तिच्यावर तळहात ठेवला. थरथर नव्हती.

“मोटर बेकसूर, सर.”

मग वीज बंद करून त्यांनी लाकूड फिरवणारा स्पिंडल हाताने फिरवला, हलवून पाहिला. बेअरिंगही निर्दोष ठरले. शेवटी त्यांनी लाकडाला दुसऱ्या बाजूने आधार देणारा टेलस्टॉक सरकवत पुढे आणला. लाकूड ज्या दोन टोकांमध्ये धरले जाते, ती टोके समोरासमोर यायला हवीत. ती तांदळाच्या दाण्याएवढी चुकली.

पांचाळांनी पान्याने जमिनीतले बोल्ट एकेक सैल केले. चौथा सुटताच तो पाय आपोआप वर उचलला गेला. फरशी तिथे खोल होती. बोल्ट आवळताना सगळा लेथ पिळला गेला होता. त्यांनी पायाखाली पत्र्याचे तुकडे सरकवले, बोल्ट पुन्हा आवळले. टोके जुळली. मग लाकूड लावून त्यांनी लेथ आधी हळू, मग पूर्ण वेगाने चालवला. सालपट अखंड निघत राहिले.

“बसवला कोणी?” मेजर साहेबांनी विचारले.

“त्यांना काही नक्को बोलू, सर. हे त्यांना कुणी शिकवलंच नाही.”

हलवण्याचा आदेश मीच टाइप केला होता. सपाटी तपासण्याविषयी त्यात अक्षर नव्हते. मी तसे सांगितले. मेजर साहेबांनी तिन्ही प्रती फाडल्या आणि नवा निष्कर्ष सांगितला: दोष आदेशाचा, ऑपरेटरचा नाही. स्वतःच्या मसुद्यावर असा निकाल देणारा अधिकारी मी दुसरा पाहिला नाही.

दोन महिन्यांनी पांचाळांच्या बाहीवर हवालदाराची तिसरी फीत लागली. त्या हिवाळ्यात, सीमेलगतच्या डोंगराळ भागात, दरडीखाली सापडलेल्या गाडीतून त्यांनी दोन जवान बाहेर काढले. तिसऱ्यासाठी ते परत गेले, तेव्हा दुसरी दरड आली.

स्मारकाची शिळा बसली तेव्हा तिच्यावर ‘नाईक’ कोरलेले होते. मी तोवर निवृत्त होऊन जामबागला राहत होतो. आबिड्सच्या पोस्टातून मी पत्रे पाठवू लागलो, प्रत्येकासोबत बढतीच्या आदेशाची प्रत. ‘बाब विचाराधीन आहे’ असे उत्तर सहा वेळा आले. सातव्या पत्रात मी विचारले की, हयात असताना जो दर्जा कोणाला काढून घेता आला नाही, तो मृत्यूनंतर कोणत्या नियमान्वये काढला?

शिळा बदलली. मी स्वतः जाऊन वाचून आलो.

हवालदार बालाजी पांचाळ.