एका कापडाच्या दोन पँटी

अठरा वर्षांनी लागलेल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मी नवऱ्याची पँट घालून ऑफिसला गेले. तसं ठरलेलं नव्हतं.

आमची मुलगी सई जन्मली तेव्हा मी नोकरी सोडली होती. ती कॉलेजला जायला लागली, घरी येऊन "आई, तू दिवसभर काय करतेस गं?" असं विचारायला लागली, तेव्हा मी चिडून चार ठिकाणी अर्ज टाकले. गोखिवऱ्याला पाण्याच्या पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याने मला बोलावलं. तिथल्या परेरा मॅडमनी मुलाखत घेतली. माणसांची भरती, रजा, शिस्त हे सगळं त्यांच्याकडे. मला त्यांच्या हाताखाली घेतलं आणि निघताना त्या म्हणाल्या, "मनीषा, ऑफिस स्टाफला आपल्याकडे फॉर्मल्स लागतात. बाहेरचे पाहुणे येतात. आणि हो, पहिल्याच दिवशी स्टाफ मीटिंग आहे. कामावर कपडे कसे असावेत याची एक नोटीस लिहून आण. तूच वाचून दाखव. सगळ्यांशी ओळखही होईल."

मी "हो मॅडम" म्हटलं आणि रिक्षात बसल्यावर घाबरले. मी नोकरी करत होते त्या काळी फॉर्मल म्हणजे कडक इस्त्रीचा कॉटनचा पंजाबी ड्रेस आणि दोन्ही खांद्यांवर पिन लावलेली ओढणी. एवढ्यावर माणूस ऑफिसात मान ताठ ठेवून फिरत असे.

"ते सगळं विसर," सई म्हणाली. "ट्राउझर, आत खोचलेला शर्ट आणि वर ब्लेझर."

"खोचलेला?"

"खोचलेला."

विरारच्या तीन दुकानांत मी ट्राउझर घालून बघितल्या. कमरेला बसायची ती पायात घोळायची आणि उंचीला बसायची ती कमरेशी येऊन थांबायची. शेवटी सई म्हणाली, शिवूनच घे. माझ्या भावाने दिवाळीला दिलेलं काळपट राखाडी कापड कपाटात पडून होतं, चांगलं तीन मीटर. ते बाहेर काढलेलं बघून माझा नवरा हेमंत म्हणाला, "त्यात माझीपण एक होईल. बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक येतात. जरा बरा दिसेन." हेमंत विरारच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. त्याच्या सगळ्या पँटींवर कुठल्या ना कुठल्या ॲसिडचं भोक आहे.

फुलपाड्यात आमच्या मागच्याच गल्लीत मोरेश्वर टेलर बसतात. त्यांनी कापड हातात घेतलं, मग माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, लेडीज पँट मी आजवर शिवलेली नाही," ते म्हणाले. "पण पँट ती पँट. दोन्ही एकाच फर्म्यावर काढतो. खिसे मात्र तुमच्या पँटला नुसते दाखवायचे ठेवतो. आत पिशवी दिली की फुगतं."

"काका, हा अन्याय आहे," सई म्हणाली.

"असू दे गं," मी म्हटलं. "मला कुठे काय ठेवायचंय त्यात."

त्यांनी टेप गुंडाळली. "कमर थोडी ढिली ठेवू?"

"उलट अर्धा इंच आत घ्या. मी जॉइन होईपर्यंत बारीक होणार आहे."

मोरेश्वर टेलर तीस वर्षं या धंद्यात आहेत. त्यांनी फक्त वहीत अर्धा इंच आत लिहिलं.

मी संध्याकाळचा चहा-पाव सोडला. बरोबर बारा दिवस. तेराव्या दिवशी पँटी आल्या. माझी घालून बघितली तर लागली, पण तिच्यात बसताना विचार करावा लागत होता. मी मनाशी म्हटलं, अजून चार दिवस आहेत, सैल होईल.

नोकरीचा पहिला दिवस आणि हेमंतचं प्रॅक्टिकल एकाच दिवशी आलं. आदल्या संध्याकाळी मी दोन्ही पँटींना इस्त्री केली आणि बेडरूमच्या दारामागे दोन खुंट्यांवर लावल्या. डावी माझी, उजवी त्याची. की उलट, ते मला आजही सांगता येत नाही. पण त्या संध्याकाळी मला ते अगदी पक्कं माहीत होतं.

सकाळी आठला निघायचं म्हणून मी सातलाच पँट चढवली आणि थक्क झाले. कमरेला चांगली चार बोटं सैल.

"सई," मी हाक मारली. "इकडे ये. बघ."

सई ब्रश करत आली. मी पँटच्या कमरेत मूठ घालून दाखवली.

"चार दिवसांत?" ती तोंडातल्या फेसातून म्हणाली.

"चहा-पाव," मी गंभीरपणे म्हटलं. "सगळं चहा-पावाने होतं."

उंचीला ती जरा जास्त वाटली, पण मी पहिल्यांदाच टाचांचे बूट घातले होते, त्यामुळे ते जमून गेलं. उजव्या मांडीला काहीतरी टोचत होतं. मोरेश्वर टेलरांची सुई राहिली असेल, संध्याकाळी त्यांना सांगू, असं म्हणून मी ब्लेझर चढवला. हेमंत आंघोळीला गेला होता. मी बाथरूमच्या दारावर टकटक करून म्हटलं, "निघते रे. आणि ऐक, मी बारीक झालेय."

"छान," आतून आवाज आला.

पुढचं हेमंतच्या बाजूने सांगायला हवं, कारण ते मला नंतर पुष्कळ वेळा ऐकावं लागलं. उरलेली पँट त्याने घातली आणि ती त्याला होईना. पोट आत घेऊन, पलंगावर आडवं पडून त्याने हुक लावला. बायको बारा दिवसांत बारीक झाली आणि आपण त्याच बारा दिवसांत सुटलो, हे त्याच्या मनाला फार लागलं. तिने सोडलेला पाव आपणच खाल्ला, हेही त्याला आठवलं. (हे खरं होतं.) त्याने पोहे खाल्ले नाहीत. उपाशीपोटी, ताठ बसून, तो स्कूटरवरून कॉलेजला गेला.

तिथे त्याने पांढरा ॲप्रन चढवला, रसायनांच्या कपाटासमोर उभा राहिला आणि चावी काढायला पँटच्या खिशात हात घातला. हात आत जाईना. त्याने दुसरा खिसा बघितला. तोही शिवलेला. कपाटाची चावी विसरू नये म्हणून त्याने ती आदल्या संध्याकाळीच नव्या पँटच्या उजव्या खिशात टाकून ठेवली होती. खिसा सापडत नाही हे कळल्यावर त्याला बाकी सगळं एकदम कळलं, असं तो म्हणतो.

दुसरी चावी प्राचार्यांकडे, आणि प्राचार्य गावी गेलेले. प्रॅक्टिकल अकराला. पहिल्या तुकडीची मुलं बाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहायला लागली होती. सव्वानऊला त्याने मला फोन केला, मग परत केला, असा अकरा वेळा केला. मी फोन सायलेंट करून पर्सच्या तळाशी टाकला होता. पहिल्या दिवशी फोन वाजला तर काय छाप पडेल.

छाप कशी पडत होती ते आता सांगते. गेटमधून ऑफिसपर्यंत चालत जाईस्तोवर पँट दोनदा खाली आली. ब्लेझरच्या आतून मी डाव्या हाताने ती धरली. आपण एवढ्या बारीक झालो याचा आनंद आता कमी व्हायला लागला होता. परेरा मॅडमनी मला सगळ्या टेबलांवरून फिरवलं. प्रत्येकाला मी उजव्या हाताने नमस्कार केला आणि डावा हात पोटावर दाबून ठेवला.

"बरं वाटत नाही का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी खरं सांगायला हवं होतं. पण पहिल्याच दिवशी साहेबाला "माझी पँट पडतेय" हे कुठल्या शब्दांत सांगतात ते मला सुचेना.

"थोडं पोटात दुखतंय," मी म्हटलं.

दहाला मीटिंग सुरू झाली. तीस-पस्तीस माणसं. ऑफिसवाले पुढे, शॉपफ्लोअरची माणसं मागे. माझ्या एका हातात माइक दिला गेला, दुसऱ्यात नोटिशीचा कागद होता, आणि पँट धरायला तिसरा हात नव्हता. मी दोन्ही कोपरं कमरेवर घट्ट दाबली आणि त्या अवघडलेल्या स्थितीत वाचायला सुरुवात केली.

"कामाच्या ठिकाणी आपला पोशाख स्वच्छ आणि साधा असावा."

पँट एक बोट सरकली. मी कोपरं आणखी दाबली. त्यामुळे माइक तोंडापासून लांब गेला, म्हणून मी मान पुढे काढली.

"कपडे आपल्या मापाचे असावेत. फार सैल किंवा फार घट्ट कपड्यांमुळे काम करताना अडचण येते."

हे वाक्य मी लिहिलं तेव्हा मला ते जरा पुस्तकी वाटलं होतं. वाचताना मात्र त्याचा शब्द न् शब्द पटला. माझा आवाज थरथरायला लागला. पुढे बसलेल्या एका बाईंनी माझ्याकडे पाण्याचा ग्लास सरकवला. तो घ्यायचा कुठल्या हाताने, म्हणून मी फक्त मान हलवली. मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडमना बसू द्या. चेहरा बघा कसा झालाय."

इतक्यात दार उघडून गेटवरचा वॉचमन आत आला.

"मनीषा मॅडम कोण? तुमच्यासाठी डॉक्टर आलेत. अर्जंट आहे म्हणतात."

सगळे उठले. परेरा मॅडमनी माझ्या हातातून माइक घेतला आणि दंडाला धरलं. "एवढं होत होतं तर सुट्टी नाही का मागायची? कोण बघतं पहिला दिवस."

मी दोन्ही हात मोकळे झाल्याबरोबर पँट धरली आणि वाकून चालत बाहेर आले. वाकलेली बघून दोघीजणी मागून आल्या.

गेटवर पांढऱ्या ॲप्रनमध्ये हेमंत उभा होता. घामाने भिजलेला, पाठ भिंतीला टेकलेली.

"चावी," तो म्हणाला.

"कसली चावी?"

"उजव्या खिशात हात घाल."

"मला खिसे नाहीत."

"मनीषा, आज आहेत," तो म्हणाला. "हात घाल."

मी हात घातला. तो मनगटापर्यंत आत गेला आणि पितळेच्या बिल्ल्यासकट चावी बाहेर आली. ती बघताना मला सकाळपासूनचं सगळं उलगडत गेलं, आणि खोटं कशाला सांगू, मी बारीक झालेली नाही याचंच मला आधी वाईट वाटलं.

"आपण पँटी बदलूया," मी कुजबुजले. "इथे बाथरूम आहे."

"नको."

"अरे पण ही माझ्या अंगावर राहात नाही."

"तुझी मागून गेली," तो म्हणाला. "नालासोपाऱ्याच्या अलीकडे खड्ड्यात. पूर्ण शिवण. म्हणून हा ॲप्रन काढत नाहीये." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने विचारलं, "तुझं वाचून झालं?"

"दोन मुद्दे झाले."

"चांगलं वाचलंस?"

उन्हात, फाटकी पँट घालून, परीक्षा डोक्यावर असताना तो हे विचारत होता. मला एकदम रडू आलं. मागच्या दोघींनी माझी पाठ थोपटली आणि एकीने हेमंतला विचारलं, "डॉक्टर, सीरियस नाही ना काही?"

हेमंत आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टर झाला होता. त्याने क्षणभर विचार केला. "नाही," तो म्हणाला. "हलकं खायला द्या." आणि पाठ न दाखवता, उलट्या पावलांनी स्कूटरपर्यंत जाऊन तो निघून गेला. अकराला पाच कमी असताना त्याने कपाट उघडलं. दिवसभर तो ॲप्रन घालून वावरला. परीक्षकांनी जाताना त्याच्या शिस्तीचं कौतुक केलं.

परेरा मॅडम मला त्यांच्या केबिनमध्ये घेऊन गेल्या आणि दार लावलं. मग मी सगळं सांगितलं. त्या आधी ऐकत होत्या, नंतर टेबलावर डोकं ठेवून हसल्या, आणि हसून झाल्यावर ड्रॉवरमधून सेफ्टी पिनांचा डबा काढला.

"माझ्या पहिल्या दिवशी सँडलचा पट्टा तुटला होता," माझ्या कमरेला मागून चुणी घालता घालता त्या म्हणाल्या. "दिवसभर सेलोटेपवर चालले. चर्चमध्ये जाते तशी, हळूहळू. सगळ्यांना वाटलं किती सोज्वळ मुलगी आहे. हं, श्वास घे. बसली?"

"बसली."

"मग चल, उरलेली नोटीस वाच. आणि बाहेर कोणाला काही सांगू नकोस. पोटाचंच राहू दे."

मी उरलेले पाच मुद्दे सात पिनांच्या जोरावर सरळ उभी राहून वाचले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढं दुखत असताना परत आली, म्हणून जास्तच.

पोटाचं मात्र राहिलं ते राहिलंच. कॅन्टीनला पाचूबंदरच्या एक मावशी जेवण करतात. त्यांच्या हातची बोंबलाची चटणी खायला लोक सुट्टी पुढे ढकलतात. ज्या दिवशी ती असते त्या दिवशी सकाळपासून वास शॉपफ्लोअरपर्यंत येतो. मी ताट घेऊन उभी राहिले की मावशी चटणीचा डाव बाजूला ठेवतात आणि माझ्यापुढे एक झाकलेली वाटी सरकवतात.

"तुम्हाला नको हां मॅडम. डॉक्टरनी हलकं सांगितलंय ना? माझ्या ध्यानात हाय. आणि पानी कोमटच प्या."

मी मान हलवते आणि दहीभात घेऊन बसते. मीटिंगमध्ये पँट पडली असती, तर लोक आठवडाभर हसून विसरून गेले असते. दहीभाताला आता वर्ष होईल.