ते अकरा जण कुठे गेले?

वीब्के ओल्टमान्सला प्रोफेसर ग्रेफेन्टालचा इतका राग होता की त्याचं नाव कुठे छापलेलं दिसलं तरी तिची कानशिलं तापायची. आणि नाव तर सारखंच दिसायचं, कारण तिचा धंदाच तो. ब्रेमेनमध्ये बसून ती विज्ञान, औषधं, नवी यंत्रं यांवर लिहायची. कुणाची नोकर नाही, सुटी. आज ह्या मासिकाला, उद्या त्या पेपरला, परवा कुणालाच नाही.

सहा वर्षांपूर्वी असं नव्हतं. तेव्हा एका मोठ्या पेपरचं शनिवारचं विज्ञानाचं पान जवळजवळ तीच भरायची. ग्रेफेन्टाल म्हणजे टान्नेक क्लिनिकचा कानाचा बडा डॉक्टर. चक्कर थांबवायचं एक बटणाएवढं यंत्र काढलं होतं त्यानं, कानामागे कातडीखाली बसवायचं. मुलाखतीत तो बोलून गेला, "अर्ध्या लोकांना फरक पडतो. बाकीच्यांचं आम्हालाही कळत नाही." आता इकडे रीतच आहे, माणसाची वाक्यं छापायच्या आधी त्याला दाखवायची, तो हो म्हणाला की मगच छापायची. वीब्केनं पाठवली. तो फोनवर म्हणाला, "छान आहे, छापा." फोनवर! हे लेखी घ्यायचं असतं हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण शुक्रवारची संध्याकाळ, पान जायची घाई, आणि तो बोलला इतका गोड.

सोमवारी यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं डोळे वटारले आणि साहेब म्हणाले, मी असं बोललोच नाही. पेपरनं चौकट छापली. आमच्या लेखिका वीब्के ओल्टमान्स यांनी न उच्चारलेलं वाक्य प्रोफेसरांच्या तोंडी घातलं, आम्ही दिलगीर आहोत. नावासकट! शनिवारचं पान गेलं. मग दुसऱ्या पेपरांचे फोनही आटले, कारण ह्या धंद्यात तुमच्याकडे नावाशिवाय असतं काय?

मग ती औषधाच्या दुकानात गल्ल्यापाशी फुकट ठेवलेलं मासिक असतं ना, त्याच्यासाठी लिहायला लागली. टाचांच्या भेगा. परागकणांच्या शिंका. म्हातारपणी पाणी किती प्यावं. आणि घरी आल्यावर ग्रेफेन्टालचा एकूण एक शोधनिबंध वाचायची, हातात पेन्सिल घेऊन, तळटीपांसकट.

एनो तिच्याच खोलीत टेबल भाड्यानं घेऊन पेपरांसाठी आलेख काढायचा. तो म्हणायचा, "लग्न लावून देऊ का तुझं त्याच्याशी? बायकोसुद्धा नवऱ्याचं इतकं वाचत नाही."

"लाव ना. कॉफी मीच करून देईन. एकदाच."

मार्चमध्ये मासिकाच्या संपादिकेचा, गेशेचा फोन आला. "वीब्के, चक्कर येण्यावर दोन पानं हवीत. टान्नेकचे ग्रेफेन्टाल बोलायला तयार आहेत. जमेल ना तुला?"

"जमेल की," वीब्के म्हणाली, आणि आपला आवाज इतका शांत आलेला बघून स्वतःच घाबरली.

मुलाखत कॉम्प्युटरच्या पडद्यावर झाली. तो समोर बसला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "ओल्टमान्स... ओल्टमान्स... तुम्ही बागकामावर लिहिता ना?"

बागकामावर! माणसानं तुमचं घर जाळावं आणि नंतर विचारावं, आपण कुठे भेटलोय का! वीब्केनं टेबलाखाली मूठ आवळली आणि वर हसून म्हणाली, "कधी कधी." मग त्यानं अर्धा तास स्वतःचं कौतुक केलं आणि शेवटी सांगितलं, "आमच्या सगळ्या रुग्णांची चक्कर कमी झाली. सगळ्या म्हणजे सगळ्या."

तिनं वाक्यं पाठवली आणि खाली लिहिलं, कृपया लेखी मंजुरी द्यावी.

दोन दिवसांनी फाईल परत आली. दोन-तीन लाल दुरुस्त्या, खाली 'मंजूर, ग्रेफेन्टाल'. पण पाठवणारा एक गोष्ट विसरला होता. समासातले शेरे पुसायचे राहून गेले होते. क्लिनिकच्या प्रसिद्धी विभागातल्या त्योले बाईंनी लिहिलं होतं, "सर, 'सगळ्या' नको. ते अकरा जण कुठे गेले असं कुणी विचारलं तर?" आणि खाली साहेबांचं उत्तर, "औषधाच्या दुकानातलं मासिक आहे हो. सर्दीवाले वाचतात. राहू द्या."

वीब्केनं ते तीनदा वाचलं. मग इतकी हसली, इतकी हसली की एनो उठून आला.

"छाप! आहे तस्सं छाप!"

"गप रे. मग तो म्हणेल आमच्या खाजगी चिठ्ठ्या चोरल्या. पुन्हा मीच खोटी. मला तो पुराव्यानिशी हवाय, आणि त्याच्याच तोंडानं."

अशा प्रयोगांची एक जाहीर नोंदणी असते, कुणीही उघडून बघावी. तिथे लिहिलं होतं, चौसष्ट जणांना यंत्र बसवलं. शोधनिबंधात माणसं त्रेपन्न. सहा वर्षं वाचत होती ती, पण चौसष्टातून त्रेपन्न वजा करून बघायचं तिला सुचलंच नव्हतं! त्याचा राग वेगळाच आला, स्वतःचा.

मग तिनं चक्करवाल्यांची मंडळं शोधली. महिन्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये जमतात, केक खातात, बोलताना एका हातानं खुर्ची धरून ठेवतात. तिथे बेकरीत काम करणाऱ्या रिक्लेफ्स बाई भेटल्या.

"दुसऱ्या महिन्यात डावा कान गेला माझा. साहेब म्हणाले वय झालं तुमचं. बावन्न वर्षांची आहे हो मी, काय थडग्यातून उठून आलेय? नंतर तपासणीला बोलावलंच नाही. आता गिऱ्हाईक डावीकडून काही मागतं आणि मी भलताच पाव देते."

अशी चार माणसं भेटली, चौघांचा एकेक कान गेलेला, चौघांचे कागद जपून ठेवलेले. आपण इथे आपला राग घेऊन आलोय याची वीब्केला जरा लाज वाटली. ट्रामपर्यंत टिकली ती लाज.

गेशे म्हणाली, हे आमच्यात मावणार नाही, आणि तिनंच हॅम्बुर्गच्या एका साप्ताहिकाच्या संपादकाशी, राउटेनबेर्गशी गाठ घालून दिली. त्यानं पहिलंच विचारलं, "ओल्टमान्स म्हणजे त्या चौकटीवाल्या?"

"त्याच."

"मग एकेका आकड्याला कागद लागेल."

"कागदांवरच झोपते मी सध्या."

तिनं ग्रेफेन्टालला कळवलं, लेख आता ह्या साप्ताहिकात येणार, तुमचं मंजूर वाक्य हे, आणि माझा प्रश्न एकच. दहा मिनिटांत फोन.

"ओल्टमान्स बाई, ते वाक्य मी मागे घेतो."

"लेखी मंजुरी आहे तुमची."

"पण ती दुसऱ्या... थांबा. थांबा जरा. तुम्ही त्याच का, मागे त्या पेपरात..."

"आठवलं का! बरं झालं."

"म्हणजे हा सूड आहे!"

"आहे ना. पण ते अकरा जण कुठे गेले?"

त्यानं फोन आपटला.

गुरुवारी लेख आला. तो गप्प बसला असता तर लोक पंधरा दिवसांत विसरलेही असते. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या आकड्यांवर लाल रेघा मारलेला माणूस, त्याला राहवेना. इकडच्या कायद्यानं माणूस आपल्याबद्दल छापलेलं खोडून काढणारं उत्तर छापायला लावू शकतो, त्याच्या सहीचं, त्याच जागी. फक्त त्यात शिव्या चालत नाहीत, वस्तुस्थितीच लिहावी लागते.

सोमवारी राउटेनबेर्गचा फोन. "बसल्यायत ना? वाचतो. 'माझ्या अभ्यासातून अकरा रुग्ण वगळले हे असत्य आहे. सत्य हे की नऊ रुग्ण वगळण्यात आले. दोन जण स्वतःहून निघून गेले.' सही, हासो ग्रेफेन्टाल."

वीब्केला आधी कळेचना. "परत वाचा."

त्यानं परत वाचलं.

"वकिलानं बघितलं नाही हे?"

"वकिलाच्याच कागदावर आहे! आकडा चुकलाय म्हणून भांडतायत. खाली आपली एक ओळ टाकता येते. काय टाकू?"

"लिहा, प्रोफेसर ग्रेफेन्टाल यांचं बरोबर आहे. नऊ."

"बस? एवढंच?"

"एवढंच. 'नऊ' तेवढं जाड अक्षरांत."

राउटेनबेर्ग हसत सुटला. मग म्हणाला, "बाई, झालं ना आता? सोडा त्याला."

वीब्केनं चक्करवाल्यांच्या मंडळांची यादी पुढे ओढली. अजून सात गावं राहिली होती.

"दोघं स्वतःहून गेले म्हणतोय ना तो," ती म्हणाली. "विचारते त्यांना."