खंड्याच्या डोळ्यातला ठिपका

कपाट आवरताना यांच्या कॅमेऱ्याचा जुना फ्लॅश हाती लागला. आतले सेल फुटून त्यांची पांढरी पूड झाली होती, वास उग्र. मी पूड झटकून तो पुसला. रडू वगैरे आलं नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. हे भिवंडीत एका लूम कारखान्यात कारकून होते. शुक्रवारी लूम बंद, त्यामुळे यांना सुट्टी. मग कॅमेरा आणि ती हातभर लांब लेन्स घेऊन आम्ही कामतघरच्या तलावावर जायचो. भर उन्हात फ्लॅश उडवताना बघून लोक हसायचे. हे सांगायचे, "मागे पाणी चमकतं ना, फ्लॅश नसला तर पक्षी काळा पडतो."

अशाच एका शुक्रवारी रोलमध्ये शेवटचा फोटो उरला होता. मी म्हटलं, "अहो, हा तुमचा काढते."

"ह्या लेन्सला जवळचं दिसत नाही. मागे जा. अजून मागे."

मी मागे सरकत होते, तेवढ्यात काठावरच्या बांबूवर खंड्या येऊन बसला. हे दबकत आले, माझ्या हातून कॅमेरा घेतला आणि फ्लॅश उडाला.

"माझा पुढच्या शुक्रवारी काढ."

पुढे कितीतरी शुक्रवार आले.

हे गेले तेव्हा हार घालायला फोटो शोधला, तर डबाभर पक्षीच निघाले. शेवटी कारखान्याच्या ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला.

आता भिंतीवर यांचा आणि त्या खंड्याचा, दोन्ही फोटो शेजारी आहेत. खंड्याच्या डोळ्यात फ्लॅशचा पांढरा ठिपका आहे. यांचे डोळे नुसतेच काळे.